शत्रूचं पितळ

परवा पुण्याच्या तांबट आळीत ठोके ऐकले आणि अमेरिकेतले आमचे शेजारी आजोबा आठवले. 1945 नंतर त्यांच्यासारख्या कित्येक सैनिकांनी जपानी अरिसाका रायफली घरी नेल्या. बऱ्याच रायफलींवरचं राजचिन्ह, शेवंतीचं फूल, घासून टाकलेलं. पण 7.7 मिमीची काडतुसं मिळेनात. मग हौशी लोकांनी आपल्याच .30-06 च्या रिकाम्या पुंगळ्या घेतल्या, 63 मिमीच्या कापून 58 च्या केल्या, साच्यात दाबून खांदा मागे नेला, नवी मान घडवली. दाबून कडक झालेलं पितळ चिरतं, म्हणून तांबटासारखी मान तापवायची. बूड मात्र कधीच नाही, ते मऊ पडलं तर जिवावर बेततं. आजोबांनीही अशा वीस पुंगळ्या घडवल्या. भरली मात्र एकही नाही. "ते फूल कुणी घासलं असेल रे?" एवढंच विचारायचे.