कुणाच्या हद्दीत?

दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर एक मराठी मालिका लागायची. तिचं नाव म्हणजे नुसता पोलिसांच्या फोनचा नंबर होता: ‘एक शून्य शून्य’. शंभर नव्हे. डायलच्या भोकात बोट घालून फिरवताना माणूस तोंडातल्या तोंडात जसे आकडे म्हणतो, तसे सुटे सुटे. मालिका बी. पी. सिंग यांची होती आणि तिच्यात शिवाजी साटम होते. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकून दूरदर्शनमध्ये बातम्यांचे कॅमेरामन झालेले. साटम सेंट्रल बँकेत कॅशियर, बँकांच्या नाट्यस्पर्धांतून रंगभूमीवर आलेले. एकाला घडलेली घटना टिपायची सवय, दुसऱ्याला मोजून घेतल्याशिवाय नोट पुढे न सरकवण्याची. पोलीस मालिकेला याहून चांगली जोडी शोधूनही सापडली नसती.

कल्याणच्या पुढे, कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या लोकलच्या वाटेवर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं लागतात. या पट्ट्यात ती मालिका पाहायची तर छपरावरचा अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे वळवावा लागे. पण नंबर ठाऊक झाला तरी तो फिरवणार कशावरून? घरात फोन यायला त्या काळी वर्षानुवर्षं लागत. चोरी झाली, मारामारी झाली की माणूस पायात चपला सरकवून चौकीवर जायचा. आणि तिथे पहिला प्रश्न यायचा, तो कोणत्याच मालिकेत नीट आला नाही. घडलं कुठे? म्हणजे हद्द कुणाची?

इंग्रजांनी मात्र ठाण्यातल्या या कंटाळवाण्या कामावरच मालिका उभ्या केल्या. ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ १९५५ मध्ये सुरू झाली आणि २१ वर्षं चालली. १६ ऑक्टोबर १९८४ रोजी आयटीव्हीवर आलेली ‘द बिल’ ३१ ऑगस्ट २०१० पर्यंत टिकली. तिचं सन हिल हे पोलीस ठाणं काल्पनिक, पण लंडनच्या कुठल्याही वस्तीत असावं असं. या मालिकेने स्वतःवर एक अट घालून घेतली होती: पोलीस हजर नाही असं दृश्यच नको. गुन्हेगार एकटा बसून कट रचतोय, हे प्रेक्षकाला दिसणारच नाही. पोलिसाला जे कळेल आणि जेव्हा कळेल, तेच आणि तेव्हाच आपल्यालाही. त्यामुळे फौजदाराच्या टेबलावरचा कागद हाच मालिकेचा नायक झाला, आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोकांनी तो चवीने पाहिला.

असं ठाणं आपल्याकडे काल्पनिक रचायची गरजच नाही. दुसऱ्या महायुद्धात उल्हास नदीकाठी कल्याण कॅम्प नावाचा लष्करी तळ उभा राहिला, त्यात दोन हजारांहून जास्त बराकी होत्या. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित त्या बराकींत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीवरून गावाला उल्हासनगर नाव मिळालं. फौज गेली, तरी तिचा हिशेब पत्त्यांत उरला. आजही इथला माणूस ‘कॅम्प तीन’ किंवा ‘कॅम्प पाच’ सांगतो, पुढे सेक्शन, मग बराक नंबर. घरी येणाऱ्या पाहुण्याला या आकड्यांनी घाम फुटतो. ठाणे अंमलदाराला मात्र ते वरदानच, फिर्यादीत घटनास्थळ लिहायला याहून सुटसुटीत पत्ता कोणता?

शेजारच्या अंबरनाथची जडणघडण निराळी. तिथे १०६० सालचं शिलाहारकालीन शिवमंदिर, विमकोची आगपेट्यांची जुनी कंपनी आणि संरक्षण खात्याची आयुध निर्माणी. आणखी पुढचं बदलापूर बरीच वर्षं गावच होतं. मुंबईत घर परवडेना म्हणून मराठी नोकरदार तिथे उतरत गेला आणि शहर फुगलं.

१९८१ मध्ये ठाणे पोलीस आयुक्तालय झालं आणि इथल्या खाकीची दर्जावारी बदलली. ‘एसीपी’ हे पद आयुक्तालयातच असतं. जिल्हा पोलिसांत त्या हुद्द्याच्या माणसाला उपअधीक्षक म्हणतात. आज उल्हासनगरचं परिमंडळ चार पाहिलं, तर एकाच लांबुळक्या वस्तीत किती उंबरे आहेत ते कळतं. उल्हासनगर, मध्यवर्ती, विठ्ठलवाडी, हिललाइन, अंबरनाथ, शिवाजीनगर, बदलापूर पूर्व, बदलापूर पश्चिम. फलाटावर आणि रुळांवर काही घडलं तर मामला लोहमार्ग पोलिसांचा. पुलाच्या पायऱ्या उतरलं की शहर पोलिसांचा. गंमत कुळगावची. पालिकेच्या नावात ‘कुळगाव-बदलापूर’ अशी जोडी आहे, पण कुळगाव नावाचं पोलीस ठाणं आयुक्तालयात नाही, ते ठाणे ग्रामीणमध्ये. नवख्या फिर्यादीने कुठे जायचं, हे आधी कुणाला तरी विचारावंच लागतं.

मराठी पडद्यावर दूरदर्शनच्या काळातच खाकी चांगली रुळली होती. संगीतकार स्नेहल भाटकरांचे चिरंजीव रमेश भाटकर यांनी ‘हॅलो इन्स्पेक्टर’मध्ये आणि मग हिंदी ‘कमांडर’मध्ये रुबाबदार अधिकारी उभा केला. पण खरी लांब पल्ल्याची गाडी सुटली ती २१ जानेवारी १९९८ रोजी, सोनीवर. ‘सी.आय.डी.’! सिंग तेच, साटमही तेच, भाषा तेवढी हिंदी. उल्हासनगरच्या सिंधी घराला आणि बदलापूरच्या मराठी घराला एकच मालिका पुरली. अभिनेत्यांची यादी मात्र दादर-गिरगावच्या एखाद्या नाट्यसंस्थेची वाटावी: साटम, दिनेश फडणीस, अश्विनी काळसेकर, सुरुवातीच्या भागांत आशुतोष गोवारीकर. मालिका २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली आणि १५४७ भागांवर थांबली. ७ नोव्हेंबर २००४ रोजी तिने १११ मिनिटांचा एक भाग एकाही कटाशिवाय, सलग दाखवला. बातम्यांच्या कॅमेरामनची जुनी खाज ती हीच असावी.

या मालिकेत एक गोष्ट कधीच आडवी आली नाही: हद्द. साटमांनी रंगवलेल्या एसीपी प्रद्युम्न यांचं पथक कुठेही पोहोचायचं, कुठलाही दरवाजा त्याला अडवायचा नाही, आणि दरवाजा अडवायला लागलाच तर तो तोडायला पथकातला दया होताच. महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. तिथे अधिकाऱ्यांना एसीपी म्हणत नाहीत आणि खून झाला की लगेच गाडीही निघत नाही, तपास आधी वर्ग व्हावा लागतो. मालिकेने मुंबईच्या गुन्हे शाखेचा वेग घेतला, राज्याच्या खात्याचं नाव घेतलं आणि दोघांच्याही कटकटी वगळल्या. करमणुकीसाठी हे क्षम्य आहे. थपडेचं मात्र तसं नाही.

भागाच्या शेवटी आरोपीच्या कानाखाली बसते आणि तो घडाघडा सगळं सांगतो. भारतीय पुरावा कायद्याचं कलम २५ सांगत होतं की पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे १८७२ पासून! नव्या साक्ष अधिनियमानेही तो नियम ठेवला. म्हणजे जिथे मालिका संपते, तिथे न्यायालयाच्या दृष्टीने हाती शून्य असतं. खटला उभा राहतो तो पंचनाम्यावर, मुद्देमालाच्या सीलवर, स्टेशन डायरीतल्या वेळेवर. झडतीच्या वेळी त्याच वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच लागतात, आणि पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या वस्तीत दुपारी दोन पंच गोळा करणं म्हणजे काय, हे एखाद्या हवालदारालाच विचारावं. कोर्टाच्या तारखेला रजा टाकून येणारा पंच तर त्याहून दुर्मीळ. वीस वर्षांच्या मालिकेत हा माणूस नायकाइतकाच हवा होता.

मोठ्या पडद्यानेही या पट्ट्याकडे पाहिलं, पण नावासाठी. २० फेब्रुवारी २०१५ रोजी श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ आला. इटालियन कादंबरीवरून घेतलेली ही सूडकथा, नायक शोक उराशी धरून बदलापुरात येऊन राहतो. हिंदी प्रेक्षकाला नावात ‘बदला’ ऐकू आला. गावातले जुने लोक मात्र सांगतात की इथे प्रवासात घोडे बदलत, म्हणून बदलापूर. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ती अधिक शहाणी आहे: पूर्वी घोडे बदलायचे, आता कल्याणला लोकल.

मग २०२४ साल आलं आणि या पट्ट्यानेच देशभरचा छोटा पडदा व्यापला. २ फेब्रुवारीच्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, गोळ्या सुटल्या. जमिनीच्या वादातून भाजपचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर त्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश होता. दालनातलं चित्रण काही तासांत वाहिन्यांवर फिरू लागलं. पोलीस हजर नाहीत असं दृश्य नको, ही ‘द बिल’ची अट इथे भलत्याच अर्थाने पाळली गेली. असा प्रसंग लेखकाने लिहून आणला असता तर निर्मात्याने ‘पटणार नाही’ म्हणून खोडला असता. हद्दीचा वाद मात्र उरला नाही. घटनास्थळ म्हणजे ठाणंच.

१ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाले. गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडला असो, ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा, हे आता संहितेतच आलं. झडती-जप्तीचं चित्रणही करायचं. म्हणजे हवालदाराच्या एका हातात पंचनाम्याचं पॅड आणि दुसऱ्या हातात फोन, पंचांना जरा इकडे सरका म्हणणारा.

सातच आठवड्यांत बदलापूर पेटलं. एका शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याची तक्रार होती आणि ती नोंदवून घ्यायलाच पोलीस ठाण्यात कित्येक तास लागले, असा पालकांचा आरोप. इथे हद्दीचा प्रश्नही नव्हता. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर कर्जतची वाहतूक थांबली. पोलीस अधिकारी निलंबित झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच, मुंब्र्याजवळ, पोलिसाच्या गोळीने मेला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. चार महिन्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं.

मधल्या काळात, २१ डिसेंबर २०२४ रोजी, ‘सी.आय.डी.’ पुन्हा सुरू झाली. साटम परत आले, दयाही आला. दिनेश फडणीस नव्हते. ते आदल्या वर्षी डिसेंबरात गेले. मुंब्र्याच्या त्या गाडीत नेमकं काय घडलं, याची सुनावणी तेव्हा उच्च न्यायालयात चालू होती.