पालाशाचा किरणोत्सर्ग : अंगभूत की आगंतुक?

इ. स. १८९६ मध्ये बेकरेल याने युरेनियमच्या क्षारांतून निघणाऱ्या किरणांचा शोध लावला. दोनच वर्षांत थोरियम, पोलोनियम व रेडियम यांची त्यात भर पडली. नित्याच्या वापरातील पदार्थांतही हा गुण वसत असेल काय, असा प्रश्न त्यापाठोपाठ उपस्थित होणे स्वाभाविकच होते. परंतु त्याचा निर्णय करणे सोपे नव्हते. विद्युद्दर्शकावरील भार पदार्थ जवळ नसतानाही हळूहळू ओसरतो. शिवाय पदार्थात रेडियमचा लेशमात्र अंश मिसळलेला असला, तरी मोजमाप फसवे ठरते.

केंब्रिज येथील नॉर्मन कॅम्बेल व अलेक्झांडर वुड यांनी १९०६ मध्ये पालाशाच्या, म्हणजेच पोटॅशियमच्या, क्षारांचे परीक्षण केले. त्यांच्या युक्तिवादाचे मर्म साधे आहे. किरणोत्सर्ग भेसळीमुळे होत असेल, तर निरनिराळ्या क्षारांत त्याचे प्रमाण अनियमित असावयास हवे. प्रत्यक्षात ते क्षारातील पालाशाच्या प्रमाणाशी जुळणारे आढळले. अर्थात हा गुण त्या मूलद्रव्याचाच होय. रुबिडियमच्या ठायीही त्यांना तो दिसून आला.

तथापि पालाशाचे सर्वच अणू किरणोत्सर्गी असतात असे नव्हे, हे कळण्यास समस्थानिकांची कल्पना रुजावी लागली. १९३५ मध्ये आल्फ्रेड नीअर याने ४० अणुभाराचा विरळ समस्थानिक शोधून काढला. १९३७ मध्ये स्माइथ व हेमेंडिंगर यांनी समस्थानिक विलग करून किरणोत्सर्ग त्याचाच असल्याचे दाखविले. नैसर्गिक पालाशात त्याचे प्रमाण केवळ ०.०११७ टक्के असून अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे.

चुलीतील राख, सोरा, शेतातील पालाशयुक्त खत, केळे, इतकेच नव्हे तर मानवी देहही या गुणापासून मुक्त नाही. एक ग्रॅम पालाशात दर सेकंदास सुमारे ३१ अणूंचे विघटन होते. देहात साधारणतः १४० ग्रॅम पालाश धरल्यास ही संख्या चार हजारांवर जाते.

१९४५ नंतर ‘किरणोत्सर्गी’ या विशेषणास लोकव्यवहारात दूषिताचा अर्थ चिकटला. परिणामी, उपकरणाने नोंद दर्शविताच बाहेरून काही मिसळले असावे, असा तर्क केला जातो. १९०६ मधील संशोधकांसमोरही हाच तर्क होता. परंतु त्यांनी तो गृहीत न धरता प्रमाणाच्या कसोटीवर तपासला व त्याज्य ठरविला. पालाशाच्या इतिहासाचे महत्त्व या कसोटीत आहे.