नैसर्गिक वायुद्रवांचे ऊर्ध्वपातन : ऊर्जाबचत

नैसर्गिक वायूतून वेगळ्या काढलेल्या एथेन, प्रोपेन, आयसोब्यूटेन, नॉर्मल ब्यूटेन व पेंटेनादी जड हायड्रोकार्बनांच्या मिश्रणाला नैसर्गिक वायुद्रव (एनजीएल) म्हणतात. उत्कलनबिंदूंतील फरकाच्या आधारे उंच स्तंभांत ऊर्ध्वपातन करून हे घटक एकामागून एक अलग करतात. टेक्ससमधील माँट बेल्व्ह्यू हे या उद्योगाचे जगातील प्रमुख केंद्र होय. महाराष्ट्रात ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात मुंबई हायच्या वायूपासून एलपीजी, एथेन-प्रोपेन व नॅफ्था मिळतात.

ऊर्जेचा खर्च : स्तंभाच्या तळाशी रीबॉयलर द्रव उकळतो. माथ्यावरील बाष्प कंडेन्सरमध्ये द्रवरूप होते व त्याचा काही भाग रिफ्लक्स म्हणून स्तंभात परत सोडतात. तळाशी दिलेली बरीचशी उष्णता माथ्यावर पाण्यात किंवा हवेत वाया जाते. आयसोब्यूटेन (−१२° से.) व नॉर्मल ब्यूटेन (−०.५° से.) यांच्या उत्कलनबिंदूंत जेमतेम ११-१२ अंशांचा फरक असल्याने त्यांच्या विभाजनाला पुष्कळ तबके व मोठा रिफ्लक्स लागतो.

चालू स्तंभातील उपाय : ठरलेल्या प्रतीपेक्षा अधिक शुद्ध उत्पादन काढणे म्हणजे उष्णता फुकट घालवणे. रिफ्लक्स गुणोत्तर (परत सोडलेला द्रव भागिले माथ्यावरून काढलेले उत्पादन) ३ वरून २.५ वर आणले, तर तेवढ्याच उत्पादनासाठी माथ्यावर येणारे बाष्प चार भागांऐवजी साडेतीन भाग, म्हणजे १२.५ टक्के कमी होते. कंडेन्सर अधिक गार झाल्यास दाबही उतरवता येतो. प्रोपेन ५०° से.ला सुमारे १७ बार दाबाखाली द्रवरूप होतो, तर ४०° से.ला १४ बारही लागत नाहीत. दाब घटला की घटक अधिक सहज सुटे होतात. मात्र बाष्पाचे आकारमान वाढत असल्याने स्तंभात द्रव तुंबणार नाही, एवढीच घट करावी लागते. तळाच्या गरम द्रवाने कच्चा माल तापवल्यासही रीबॉयलरचा भार हलका होतो.

रचनेतील बदल : विभाजक भिंतीच्या स्तंभात तीन उत्पादने एकाच कवचात मिळतात. असा पहिला औद्योगिक स्तंभ बीएएसएफने १९८५ मध्ये जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथे उभारला. दोन स्वतंत्र स्तंभांच्या तुलनेत यात ऊर्जेची सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. मात्र यात सगळी उष्णता सर्वांत तप्त टोकाला द्यावी आणि सर्वांत थंड टोकाला काढावी लागत असल्याने तापमानांचे अंतर मोठे असेल, तेथे लाभ घटतो.

ब्यूटेन-विभाजकात तळ व माथा यांच्या तापमानांतील अंतर थोडे असते. तेथे माथ्यावरील बाष्प संपीडकाने दाबून त्याच उष्णतेवर तळाचा द्रव उकळवता येतो. या उष्णता-पंपाचा खरा फायदा संपीडकाला लागणारी वीज कशी निर्माण झाली, यावर अवलंबून असतो. त्यामुळे इंधन व वीज यांचा हिशेब एकत्र मांडूनच उपाय निवडावा. रिफ्लक्स व दाब यांची घडी बसवण्यास भांडवल फारसे लागत नाही. म्हणून प्रत्येक प्रकल्पाने सुरुवात तेथूनच करणे इष्ट ठरते.