जिवाणूची घुसखोरी आणि चिल्टनबाई

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माणसाच्या अंगावर गाठ येते, तशी झाडालाही येते. गुलाब, द्राक्षवेल, सफरचंद अशा झाडांच्या बुंध्याशी, खोड जमिनीत शिरते नेमके तिथे, एक ओबडधोबड फुगवटा दिसू लागतो. इंग्रजीत या रोगाला ‘क्राऊन गॉल’ म्हणतात. १९०७ साली स्मिथ आणि टाउनसेंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ही गाठ मातीतल्या एका जिवाणूमुळे होते. आज त्याला आपण अ‍ॅग्रोबॅक्टेरियम म्हणतो.

इथवर गोष्ट सरळ होती. चक्रावून टाकणारी बाब पुढे आली. १९४०च्या दशकात आर्मिन ब्राऊन यांनी सदाफुलीच्या झाडांवर प्रयोग केले. आपल्याकडे कुंपणापाशी फुलते तीच ही सदाफुली. झाडाला सोसेल पण जिवाणूला सोसणार नाही, एवढी उष्णता त्यांनी दिली. जिवाणू मेले, गाठ मात्र वाढतच राहिली. म्हणजे जाता जाता जिवाणू झाडाच्या पेशीत काहीतरी ठेवून जात होता. काय, ते पुढची तीस वर्षे कळले नाही.

युरोपातल्या काही प्रयोगशाळांतून मग बातमी आली, की जिवाणूचा डीएनए गाठीतल्या पेशींत सापडतो. कुठे जिवाणू आणि कुठे वनस्पती! इतक्या दूरच्या दोन जीवांत जनुकांची देवाणघेवाण होते, ही कल्पनाच बहुतेकांना पटेना. न पटणाऱ्यांत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मेरी-डेल चिल्टन होत्या. इंडियानापोलिसला १९३९ साली जन्मलेल्या, शाळेत दुर्बिणी तयार करणाऱ्या आणि पुढे रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या या बाईंचा हात डीएनएच्या मोजमापात बसलेला होता. युरोपातले पुरावे त्यांना कच्चे वाटले. हा दावा खोडून काढायचा, याच इराद्याने त्या कामाला लागल्या.

यूजीन नेस्टर आणि मिल्टन गॉर्डन हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी. १९७४ मध्ये या गटाने निबंध प्रसिद्ध केला: गाठीत जिवाणूचा डीएनए आढळला नाही. प्रकरण मिटले असे कोणालाही वाटले असते.

पण त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात जेफ शेल आणि मार्क व्हॅन मोंटागू यांच्या गटाला एक नवाच धागा सापडला. गाठ आणणाऱ्या जिवाणूंत मुख्य डीएनएखेरीज डीएनएचे एक मोठे सुटे कडे असते. ज्यांत ते नसते, त्यांना गाठ आणता येत नाही. या कड्याला प्लास्मिड म्हणतात. आता शोधायची जागा बदलली. चिल्टनबाईंनी हे कडे घेऊन पुन्हा तपासणी आरंभली.

ही तपासणी कशी असते, हे समजून घेण्याजोगे आहे. डीएनएचे दोन धागे उष्णतेने सुटे होतात आणि थंड करू लागले की आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. किरणोत्सारी खूण केलेले जिवाणूचे धागे गाठीच्या डीएनएमध्ये मिसळायचे. गाठीत त्यांचे जोडीदार असतील, तर जुळणी अधिक वेगाने होईल. पण अख्खे कडे मिसळले तर फरक कळण्याजोगा नव्हता. शेवटी त्यांनी विकराने कड्याचे तुकडे केले, तुकडे आकारानुसार वेगळे काढले आणि एकेक तपासत गेले. एका तुकड्याची जुळणी वेगाने झाली. कड्याचा हा एवढासा भाग झाडाच्या पेशीत जाऊन बसला होता. अख्ख्या पसाऱ्यात तो शोधू गेल्यावर १९७४ साली हाती काही न लागणे साहजिकच होते.

१९७७ साली हा निबंध ‘सेल’ या नियतकालिकात आला. जे खोडायला निघाल्या, ते चिल्टनबाईंनीच सिद्ध केले. आपल्याच गटाचा तीन वर्षांपूर्वीचा निष्कर्ष मागे टाकायला जी छाती लागते, तिची नोंद कोणत्याही मानपत्रात नसते.

जिवाणू हे का करतो? स्वतःच्या पोटासाठी. त्याने घुसवलेली जनुके झाडाच्या पेशींना वाढायला लावतात, आणि त्या जिवाणूलाच पचतील असे खास पदार्थ त्यांच्याकडून तयार करून घेतात. थोडक्यात, दुसऱ्याच्या घरात स्वतःची खाणावळ!

मग वाट उघडी झाली. गाठ आणणारी जनुके काढून टाकायची आणि त्या जागी आपल्याला हवे ते जनुक बसवायचे. वाहतूक जिवाणू करील. जानेवारी १९८३ मध्ये मायामीच्या परिषदेत तीन गटांनी तसे करून दाखवल्याचे जाहीर केले: गेंट-कोलोनचा गट, मोन्सॅन्टो कंपनीचा गट आणि तोवर सेंट लुइसला गेलेल्या चिल्टनबाईंचा गट. बाईंच्या गटाने यीस्टचे जनुक घातलेली तंबाखूची निरोगी रोपे वाढवली आणि ती भर पुढच्या पिढीत उतरते हेही दाखवले. पेटंटांवरून मग वर्षानुवर्षे वाद झाले, ते इथे नकोत. बाई त्याच वर्षी सिबा-गायगी कंपनीत गेल्या. ती पुढे विलीनीकरणांतून सिंजेंटा झाली. २०१८ साली त्या तिथूनच निवृत्त झाल्या.

आपल्या शेतात हे तंत्र २००२ साली आले. त्या मार्चमध्ये बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना केंद्राने परवानगी दिली. बीटी जनुक याच जिवाणूकरवी अमेरिकेत एका कापसाच्या वाणात घातले होते. जालन्याच्या महिको कंपनीने ते संकराने इथल्या वाणांत आणले. पुढे देशातला बहुतेक कापूस बीटी झाला. अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली, फवारणीचा खर्च सुरुवातीला वाचला. मात्र २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात बोंडे पोखरली, तेव्हा बीटीच्या दोन्ही जनुकांना ती दाद देत नव्हती. बियाण्याचे पैसे शेतकऱ्याने आधीच मोजले होते. ज्याने ते पैसे उसने काढले, त्याला १९७७च्या निबंधाचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचे? तरीही अळी का पचवू लागली, त्याचे उत्तर बियाण्याच्या धोरणात, पीकपद्धतीत आणि अळीच्या उत्क्रांतीत आहे. सिएटलच्या प्रयोगशाळेत नाही.

२०१३ साली चिल्टन, व्हॅन मोंटागू आणि मोन्सॅन्टोचे रॉबर्ट फ्रेली यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९८७ साली पहिल्यांदा डॉ. स्वामिनाथन यांना आणि १९९८ साली महिकोच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळालेला तोच हा पुरस्कार. जेफ शेल २००३ मध्ये वारले होते, त्यांचे नाव राहिले. निवडीवर टीकाही झाली. पुरस्कार देणाऱ्या संस्थेला बियाणे कंपन्यांच्या देणग्या मिळतात, हा मुद्दा होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. कंपनीच्या अधिकाऱ्याला आणि मूळ शोधकर्त्यांना एकाच ताटात वाढल्यामुळे शोधाची बाजू झाकोळली, असे मला वाटते.

दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, गमतीची बातमी आली. लागवडीतल्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले, तर प्रत्येकात अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा डीएनए निघाला. माणसाचा हात लागण्याआधीच जिवाणूने आपले काम उरकले होते. म्हणजे एकादशीला आपण ते खात आलो आहोत, जिवाणूच्या जनुकासकट!

चिल्टनबाईंना ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे तंत्रज्ञान आणि नवनिर्मितीचे राष्ट्रीय पदक देण्यात आले. तेव्हा त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या.