मंगराजाचे दूध आणि कादंबरीतला ‘आम्ही’

एकादशीच्या दिवशी जमीनदार रामचंद्र मंगराज तुळशीपत्र आणि पाणी यांवर राहतो. पण रात्री त्याच्या खोलीत दुधाचे भांडे आणि केळी ठेवलेली असतात, आणि पहाटे न्हावी रिकामे भांडे घासायला नेतो. ऐकणारे हसतात. निवेदक मात्र मंगराजाची वकिली करतो. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कुठे आहे? द्रवाची वाफ होते असे शास्त्र सांगते, मग दूध द्रव नाही का? शिवाय उंदीर कुणाच्या घरात नसतात?

फकीरमोहन सेनापती यांची ‘छ माण आठ गुंठ’ ही ओडिआ कादंबरी १८९७ पासून ‘उत्कल साहित्य’ मासिकात ‘धूर्जटी’ या टोपणनावाने क्रमशः छापली गेली. मी ती इंग्रजी भाषांतरात वाचली. दुधाच्या प्रसंगाला मीही हसलो आणि निवेदक आपल्याच बाजूचा आहे असे धरून चाललो. वरून स्तुती, आतून निंदा, ही उपरोधाची शाळेतली व्याख्या मला पुरेशी वाटली.

पुढे ती अपुरी पडली. निवेदकाची ही भाषा मुळात कुणाची? साक्षीपुरावा कचेरीतला, वाफेचा नियम नव्या क्रमिक पुस्तकातला. भगिया आणि सारिया हे निपुत्रिक विणकर जोडपे. मूल व्हावे म्हणून देऊळ बांधायला ते मंगराजाकडून कर्ज घेतात आणि त्यांची सहा माण आठ गुंठे जमीन त्या कर्जाच्या कागदात जाते. साक्षीदार नाही म्हणून दूध पिणारा सुटतो. कागद आहे म्हणून विणकर बुडतो. शेवटी मंगराजाची जमीनदारीही एका वकिलाच्या हाती पडते. सेनापतींनी संस्थानांत दिवाणगिरी केली होती. कागदाची ताकद त्यांनी आतून पाहिली होती.

त्याच दशकाच्या सुरुवातीला हरि नारायण आपटे ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहीत होते. तिथे यमू ‘मी’ म्हणून स्वतःची कहाणी सांगते. तिच्यावर विश्वास ठेवला नाही, तर कादंबरीच उरत नाही. सेनापतींच्या ‘आम्ही’वर विश्वास ठेवला, तर मंगराज निर्दोष ठरतो. यमूचे दुःख आपल्याला ऐकायचे असते, तर इथे बोलणाऱ्याकडे संशयाने पाहायचे असते. मराठी वाचक म्हणून मला पहिल्या वाचनाची सवय होती, दुसरे शिकावे लागले.

सेनापतींनी आत्मचरित्रात एक आठवण दिली आहे. मंगराजाच्या खटल्याचे प्रकरण छापून आले तेव्हा खेड्यापाड्यांतली काही माणसे खटला पाहायला कटकच्या कचेरीत आली होती. पूर्वी मला हा वाचकांचा भाबडेपणा वाटे. आता तसे वाटत नाही. मंगराज खरा आहे की नाही, याबद्दल त्यांची चूक झाली असेल. पण असा माणूस कुठे सापडेल, हे त्यांना बरोबर ठाऊक होते.