तिकीटपेटीकडून यंत्राकडे
बुलढाणा जिल्हा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. पुढे कित्येक दशके खामगाव, मेहकर, चिखली या आगारांतील वाहकाजवळ तिकीटपेटी असे. निरनिराळ्या किमतींची रंगीत तिकिटे, पंचाची टकटक आणि टप्प्याटप्प्याला तिकीटक्रमांक टिपलेले वे-बिल, अशी ती व्यवस्था होती. हा हिशेब आगारात जमा होई.

या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस त्याची जागा यंत्राने घेतली. ती पुरविणारी ट्रायमॅक्स ही मुंबईची कंपनी १९९५ सालची. तिच्या वाढीत सार्वजनिक परिवहनाच्या कंत्राटांचा वाटा लक्षणीय होय. २०१९ साली मात्र तिच्यावर नादारीची कार्यवाही सुरू झाली, आणि २०२२ पासून दुसऱ्या कंपनीची यंत्रे आली.

इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने हा बदल साधा नव्हे. शाईने छापलेले जुने तिकीट चाळीस वर्षांनीही एखाद्या पोथीत खूण म्हणून सापडते. उष्णतेने उमटलेली अक्षरे काही महिन्यांतच फिकी पडतात. मग कोण कोठे चढला-उतरला याचा पुरावा यंत्रामागील नोंदीतच उरतो, आणि त्या नोंदी कंत्राटाबरोबर हात बदलू शकतात. ‘तिकीट फाडणे’ हा वाक्प्रयोग तेवढा जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत अखंड आला आहे.