सहलीच्या आधी जत्रा

नोव्हेंबर 1835. जबलपूरचा एक इंग्रज अंमलदार प्रकृतीसाठी रजा घेऊन हिमालयाच्या दिशेने निघाला होता. पुढे महिनोन्‌महिन्यांचा प्रवास होता. तरीही निघण्याआधी त्याने मित्रमंडळींना गोळा केलं आणि पुन्हा एकदा भेडाघाट पाहून घेतला. हा विल्यम स्लीमन. इतिहास त्याला ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ओळखतो, पण 1844 मध्ये छापून आलेलं त्याचं प्रवासवर्णन ठगांपासून सुरू होत नाही. ते सुरू होतं नर्मदेकाठच्या जत्रेपासून. कार्तिक संपत आला होता आणि पंचक्रोशीतली माणसं नदीवर लोटली होती. साहेब गेला संगमरवराचे कडे पाहायला आणि पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात लिहीत बसला जत्रेविषयी.

जबलपूरच्या हिवाळी सहलीचा इतिहास इथून सांगितलेला बरा. पिकनिक ही साहेबाची देणगी, असं आपण सहज बोलून जातो. भेडाघाटापुरतं ते फारच अर्धवट आहे. तिथे बोलावणं पंचांगाचं होतं. साहेबाने त्यात टेबलखुर्ची आणि नाताळची सुट्टी घातली, इतकंच.

जबलपूर डोंगराळ मुलखातलं गाव आहे, पण थंड हवेचं ठिकाण नव्हे. विंध्य आणि सातपुडा यांच्या बेचक्यात, समुद्रसपाटीपासून साधारण 400 मीटरवर ते वसलं आहे. गावातच ग्रॅनाइटचे गोलमटोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे उभे आहेत. त्यांतला मदन महालाजवळचा एक धोंडा जेमतेम टेकलेला दिसतो, पण 22 मे 1997 च्या भूकंपातही तो हलला नाही. उन्हाळा मात्र असा की हाच दगड तव्यासारखा तापतो. त्यामुळे महाबळेश्वर-पचमढीचा हिशोब इथे उलटा होतो. ऐपत असलेले लोक उन्हाळ्यात पचमढी गाठायचे आणि हिंडण्याफिरण्याचा मोसम म्हणजे हिवाळा. पहाटे धुकं, एखाद्या जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरलेला, आणि दहा वाजता असं मऊ ऊन की पाठ त्याच्याकडे करून दिवसभर बसावं.

भेडाघाट शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर. नर्मदा धुवांधारवरून खाली कोसळते आणि जवळजवळ तीन किलोमीटर पांढऱ्या, करड्या, कुठे गुलाबी झाक असलेल्या कड्यांमधून वाट काढते. नावाची व्युत्पत्ती कोणी भृगुऋषींपर्यंत नेतं, तर कोणी म्हणतं, इथे नर्मदेला बावनगंगा भेटते, भिडते, म्हणून भेडाघाट. मराठी कानाला दुसरी जास्त पटते.

या घाटावर माणसं यावीत, टेकावीत, यासाठीची सोय फार जुनी आहे. टेकडीवर शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेलं की दहाव्या शतकाच्या आसपासचं चौसष्ट योगिनींचं वर्तुळाकार मंदिर लागतं. नाव चौसष्टांचं, पण कोनाडे मोजले तर एक्याऐंशी. मध्ये गौरीशंकराचं देऊळ आहे. कलचुरी राजा गयाकर्णाची विधवा राणी अल्हणादेवी हिने 1155 मध्ये इथे शिवमंदिर बांधल्याचा शिलालेख आहे, आणि ते मंदिर हेच असं मानलं जातं. लेखात नुसतं देऊळ नाही. त्यासोबत मठ आहे, व्याख्यानशाळा आहे आणि बागांची रांग आहे. खर्चासाठी राणीने दोन गावं लावून दिली होती. म्हणजे दर्शन, श्रवण आणि झाडाखालची विश्रांती असा दिवसभराचा बेत साडेआठशे वर्षांपूर्वीच आखलेला दिसतो. लेखाचा दगड स्वतः मात्र घाटावर उरला नाही. एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतपंडिताने तो अमेरिकेत पोचवला. कलचुरींचे लेख एकत्र करून त्यांचा पक्का ग्रंथ 1955 मध्ये सिद्ध झाला, तो नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या हातून.

मराठी माणसाचा या मुलखाशी संबंध मिराशींच्या आधीचा, आणि तो काही सहलीचा नव्हता. 1781 मध्ये गढा-मंडल्याचं गोंड राज्य सागरच्या मराठी कारभाराखाली गेलं. 1798 मध्ये पेशव्यांनी नर्मदेचं हे खोरं नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांना दिलं आणि डिसेंबर 1817 मध्ये ते इंग्रजांनी घेतलं. मराठी अंमल दोन पिढ्यांतच आटोपला. पण पुढे 1861 मध्ये मध्यप्रांत झाला, राजधानी नागपूर ठरली, आणि जबलपूर-नागपूर असं कागदांचं आणि माणसांचं येणंजाणं शंभर वर्षं चालू राहिलं. कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर या वाटेने आले. ज्याला आज 'जबलपूरचे मराठी' म्हणतात ती वस्ती मुख्यतः अशी भरत गेली.

तोवर कड्यांची कीर्ती साहेबलोकांत झाली होती. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याच्या 1871 मधल्या मध्य हिंदुस्थानातल्या डोंगरदऱ्यांवरच्या पुस्तकात चांदण्या रात्रीच्या नौकाविहाराचं कौतुक आहे, आणि एक भयंकर हकिकतही. रेल्वेचा पूल कुठे टाकावा याची पाहणी करायला दोन इंजिनिअर नावेतून आत गेले. कड्यांवरची आग्यामोहोळं उठली. एक कसाबसा वाचला. दुसऱ्याने जीव वाचवायला पाण्यात उडी घेतली आणि तो बुडाला. मोहोळं अजूनही तिथेच, कड्यांच्या पोटाला काळ्या सुपांसारखी लटकलेली असतात. नावेत बिडी पेटवणाऱ्याला नावाडी दम देतो, त्याला दीडशे वर्षांचा आधार आहे.

पूल दुसरीकडे झाला आणि गाडी आली. 1867 मध्ये अलाहाबादहून रूळ जबलपूरला पोचले, 1870 मध्ये मुंबईकडचे रूळ येऊन मिळाले आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग झाला. गाडी बदलायला उतरलेला उतारू दिवस मोकळा असला तर टांगा करून भेडाघाट पाहून येई. मुंबईच्या बाजूने येणाऱ्याला जवळचं स्टेशन होतं मीरगंज. नाताळात कचेऱ्या आणि कोर्टं बंद होत. छावणीतले साहेब बंदुका, मडमा आणि खानसामे घेऊन घाटावर मुक्काम ठोकत.

आणि कचेरी बंद म्हणजे कारकूनही मोकळा! साहेबाच्या 'बड्या दिना'ने हिंदी-मराठी कुटुंबांना डिसेंबरअखेरीचे चार दिवस फुकटात मिळवून दिले. 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, 1942 मध्ये खमरियाचा दारूगोळा कारखाना आला. पगारी माणूस वाढला, त्याच्याबरोबर त्याची ठरलेली सुट्टी वाढली. 1905 मध्ये सातपुडा ओलांडत गोंदियाहून छोटी लाईन जबलपूरला आली. अडीच फुटांच्या रुळांवरून नैनपूरमार्गे धापा टाकत येणाऱ्या त्या गाडीला वेळेचं सोयरसुतक नसे, पण विदर्भातल्या आत्या-मावश्यांना ती थेट भाच्यांच्या दारात आणून सोडी. मग 1956 उजाडलं. राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूरचं उच्च न्यायालय मध्य प्रदेशचं होऊन जबलपूरला बसलं, आणि वकील, शिरस्तेदार, टंकलेखक बिऱ्हाडांसह मागोमाग आले. नागपूरने राजधानी गमावली. जबलपूरला नावेत बसायला आणखी मराठी माणसं मिळाली, असं म्हणणं नागपूरकरांना रुचणार नाही, पण खोटंही नाही.

या सहलीचं जेवण हा स्वतंत्र विषय आहे. महाकोशलात घाटावर जाऊन करायची गोष्ट म्हणजे गक्कड-भर्ता. जाडसर कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून घट्ट गोळे वळायचे. वाळूत गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि ज्वाळा बसेपर्यंत हात शेकत बसायचं. घाई करणारा गक्कड बाहेरून जाळतो आणि आत कच्चा ठेवतो. आर लाल झाला की गोळे वर मांडायचे, फिरवत राहायचं, शेवटी गरम राखेत पुरून टाकायचे. शेजारी वांगी, टोमॅटो, हिरव्या मिरच्या भाजायला असतात. अर्ध्या तासाने राखेतून काढलेला गोळा फडक्यात घेऊन झटकायचा आणि मुठीने फोडायचा. त्यातून वाफ येते, आणि तिच्यावर तूप. विदर्भातून आलेल्या आजीला यात नवं काही नसतं. तिच्या माहेरी हेच रोडगे असतात, गोवऱ्या त्याच, वांग्याचं भरीतही तेच. नाव बदलण्यापुरता काय तो सातपुडा मध्ये.

त्या दिवसांत जबलपूरचा मटार बाजारात ढिगांनी येतो. शहपुरा-पाटणकडच्या शेतांतून आलेल्या शेंगा सोलत नावेची वाट पाहायची, हा घाटावरचा ठरलेला उद्योग. साली कुठे टाकायच्या याचा मात्र विचार कोणी केलेला नसतो. परतताना खव्याची काळपट जलेबी हवीच.

नाव सुटते पंचवटी घाटावरून. पावसाळ्यात नौकानयन बंद असतं. पाणी उतरून निवळलं की साधारण दसऱ्याच्या मागेपुढे पुन्हा सुरू होतं. दोघे वल्ही मारतात आणि एक जण बोलतो. त्याचं बोलणं म्हणजे यमक जुळवलेल्या हिंदीची अखंड धार असते. या कड्यात हत्ती बघा, त्या कड्यात मोटार बघा, इथे दोन्ही काठ इतके जवळ होते की माकडं उडी मारून पलीकडे जायची म्हणून हे बंदरकूदनी, पुढची भूलभुलैया. मग सिनेमे सुरू होतात. राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है'पासून 'अशोका' आणि 'मोहेंजो दारो'पर्यंत. पहिल्या चित्रपटात नाव गंगेचं आणि पाणी नर्मदेचं, याबद्दल नावाड्याला अजून थोडा राग आहे. नर्मदेच्या नुसत्या दर्शनाने पुण्य लागतं, गंगेत मात्र उतरावं लागतं, हे तो प्रवाशाला ऐकवल्याशिवाय राहत नाही. किनाऱ्यावर शंखजिऱ्याच्या मऊ दगडातून कोरलेले हत्ती, दिवे आणि शिवलिंगं विकायला मांडलेली असतात.

पण नाताळ-नववर्षाची गर्दी ही मोसमाची फक्त एक लाट. पहिली कार्तिकी पौर्णिमेची, स्लीमनने पाहिलेली. त्याच सुमारास चातुर्मास संपतो आणि परिक्रमावासी चालू लागतात. नर्मदा उजव्या हाताला ठेवून, 'नर्मदे हर' म्हणत जाणारे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मुळे आणि पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'मुळे मराठी घरांत परिक्रमेचं वेड चांगलंच शिरलं आहे. पुण्या-नाशिकचा परिक्रमावासी आणि त्याला शिधा देणारं जबलपूरचं मराठी घर अशी गाठ घाटावर नेहमी पडते.

दुसरी लाट संक्रांतीची, ती तिलवाराघाटावर. तिळाचं उटणं लावून थंडगार पाण्यात बुडी, मग तिळाचे लाडू आणि खिचडी. जत्रेत घागरी, खेळणी, ऊस आणि शिंगाडे. याच घाटाजवळ मार्च 1939 मध्ये त्रिपुरी काँग्रेस भरली होती. तिच्या मिरवणुकीत 52 हत्ती होते आणि अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले होते. फेब्रुवारी 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचा एक भाग इथेच विसर्जित झाला. सभा असो, श्राद्ध असो की सहल, जबलपूरला घाटावाचून चालत नाही.

नदी मात्र पूर्वीची राहिलेली नाही. वरच्या अंगाला बर्गीचं धरण 1990 मध्ये पुरं झालं. त्याने 162 गावांना झळ पोचली, आणि तेव्हापासून हिवाळ्यात कड्यांमधलं पाणी किती हे आभाळ ठरवत नाही, दरवाजे ठरवतात. छोटी लाईनही गेली. त्या जागी आता मोठे रूळ आहेत आणि नागपूरचे पाहुणे झोपेत सातपुडा ओलांडतात.

शेवटची लाट माघ शुद्ध सप्तमीची. त्या दिवशी नर्मदाजयंती. ग्वारीघाटावर सकाळपासून रीघ लागते. साड्या एकमेकींना जोडून या काठापासून त्या काठापर्यंत नदीला चुनरी नेसवतात, आणि संध्याकाळी पानांच्या द्रोणांतले हजारो दिवे पाण्यावर सुटतात. मराठी घरात हीच तिथी रथसप्तमीची, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. त्यामुळे जबलपूरच्या मराठी बाईला त्या दिवशी दम घ्यायला फुरसत नसते. सकाळी अंगणात सूर्याचा रथ रेखायचा, उरलेली एखादी गोवरी पेटवून मातीच्या बोळक्यात दूध उतू घालायचं, दुपारी राहिलेल्या बायकांना वाण द्यायचं आणि दिवेलागणीला घाट गाठायचा. तिथे पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात पोरं उभी असतात. दिव्यांकडे त्यांचं लक्ष नसतं. दोरीला लोहचुंबक बांधून ती तळातली नाणी ओढत असतात.